शाळेच्या दाखल्यावरचं नाव: ट्रान्स विद्यार्थी, पालक आणि शाळांनी या चुका टाळा

माध्यमिक शाळेच्या कार्यालयात मी बरीच वर्षं दाखले लिहिले. एकदा नववीतलं एक ट्रान्स मूल, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग ज्याला आपलं वाटत नव्हतं असं, खिडकीशी आलं आणि हळूच म्हणालं, "हजेरीला माझं नाव वेगळं घेता येईल का?" मी मान वरही न करता सांगितलं, "गॅझेट आण, मग बघू." ते मूल पुन्हा खिडकीशी आलं नाही. दहावी झाली आणि जुन्याच नावाचा दाखला घेऊन ते गेलं. त्याने मागितलं होतं तेवढ्यासाठी गॅझेट, म्हणजे नाव बदलल्याची शासन राजपत्रातली जाहिरात, लागतच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. त्याची खंत अजून आहे. म्हणून पहिली चूक शाळांची लिहितो.

हाकेचं नाव आणि कागदावरचं नाव एकच समजणं

जनरल रजिस्टर (शाळेची कायमची प्रवेश नोंदवही), शाळा सोडल्याचा दाखला, बोर्डाचा परीक्षा अर्ज, गुणपत्रिका आणि यूडायस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरची नोंद ही कायद्याच्या नावाची ठिकाणं. इथे मुख्याध्यापकांनी मनात आणलं तरी परस्पर खाडाखोड करता येत नाही. पण वर्गात हाक मारणं, वहीवरचं नाव, गटकामाची यादी, स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका, खो-खोच्या संघाची फळ्यावरची यादी, वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप? यातल्या एकालाही प्रतिज्ञापत्र लागत नाही. घरात 'बाळू' आणि कागदावर 'बाळकृष्ण' असलेल्या मुलाला शिक्षक बिनदिक्कत बाळू म्हणतात, तेव्हा कोणी गॅझेट मागत नाही.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे हजेरीपत्रकात, जुनं नाव राहणार असेल तर त्या वर्गाची हजेरी सरसकट रोल नंबरने घ्या. एकट्या त्या मुलाला नंबर आणि बाकीच्यांना नावं असं मात्र करू नका, त्याने उलट सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. घोटाळा बहुतेक वेळा वर्गशिक्षक रजेवर असले की होतो. बदली तासावर आलेले सर यादी उघडतात आणि खणखणीत आवाजात जुनं नाव वाचतात. ते टाळायला कॅटलॉगच्या त्या पानावर पेन्सिलीने 'नंबरने घ्यावी' एवढं लिहिलेलं पुरतं. बक्षीस समारंभाची यादी कार्यालयातून छापून जाते, तीही आधी एकदा नजरेखालून घाला.

घरी कोणतं नाव घ्यायचं, हे न विचारणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे आणि ती चांगल्या शिक्षकांकडूनच होते. मूल विश्वासाने सांगतं, शिक्षक मनापासून नवं नाव घेऊ लागतात आणि पालकसभेत आईसमोर तेच नाव तोंडून निघतं. घरी काहीच माहीत नसेल तर त्या संध्याकाळी मुलावर काय गुदरेल, याचा अंदाज आपल्याला नसतो. काही मुलांची शाळा सुटते, काहींवर घर सोडायची वेळ येते.

त्यामुळे मुलाने सांगितलं की लगेच, एकांतात, तीन गोष्टी विचारा. वर्गात कोणतं नाव घेऊ? इतर शिक्षकांना सांगू का? घरी फोन केला किंवा प्रगतिपुस्तक पाठवलं तर कोणतं नाव? उत्तर दरवेळी सारखं नसेल, काही महिन्यांनी बदलेलही. बदललं की तसं वागायचं, कारण विचारत बसायचं नाही. कार्यालयातल्या लोकांनी तर दुप्पट जपावं. आलेला अर्ज टेबलावर उघडा ठेवणं, शिपायाच्या हाती बिनपाकिटाचा धाडणं, स्टाफरूममध्ये त्याचा विषय काढणं, यातून गावभर होतं. घरी मारहाणीची भीती दिसली तर मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तो मुलाला सांगून ठेवा.

आधी आधार बदलून मोकळं होणं

आता कागदाकडे. बहुतेक घरांत असं होतं की आधार केंद्र जवळ असतं, म्हणून पहिल्यांदा आधारवरचं नाव बदललं जातं. मग शाळेत अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक, काढताना नाव जुळत नाही, कारण यूडायसवर शाळेच्या रजिस्टरमधलं जुनं नाव असतं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अडकतो, बँकेच्या खात्यावर तिसरंच काहीतरी असतं. एका घाईतून तीन ठिकाणी खेटे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आधारमध्ये नाव आयुष्यात साधारणपणे दोनदाच बदलता येतं आणि लिंगाची नोंद एकदाच. त्यापुढे आधारच्या प्रादेशिक कार्यालयाची वेगळी प्रक्रिया करावी लागते. म्हणून नाव पक्कं ठरल्याशिवाय आधारला हात लावू नका. आज 'अन्वी' आवडतं, सहा महिन्यांनी 'अनन्या' आवडू लागलं, तर त्यात गैर काही नाही. नाव मनात मुरायला वेळ लागतोच. तो वेळ हाकेच्या नावावर काढा. रोमन लिपीतलं स्पेलिंगही एकदाच ठरवून कागदावर लिहून ठेवा. 'अन्वी'ची ई एका कागदावर एका अक्षराने आणि दुसऱ्यावर दोन अक्षरांनी लिहिली गेली की पुढे प्रत्येक पोर्टल ती दोन वेगळी माणसं समजतं.

मला सोयीचा वाटलेला क्रम असा: आधी ट्रान्सजेंडर व्यक्ती म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र (त्याबद्दल पुढे), मग शाळेचं जनरल रजिस्टर, मग त्यावरून यूडायस आणि आधार पाठोपाठ, आणि शेवटी बँक. मूल शाळेत असेल तर हे सगळं नववीत उरकावं. दहावीचा परीक्षा अर्ज एकदा जुन्या नावाने गेला की गुणपत्रिका त्या नावाची होते, आणि पुढे अकरावी, सीईटी, जेईई, नीट, महाविद्यालय, सगळीकडे 'दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे' हेच वाक्य समोर येतं. नववीत जमलं नाही तर निदान बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे अर्जातला तपशील तपासायची छापील यादी, शाळेत येते तेव्हा जागे असा. अर्जातलं नाव तपासायची ती शेवटची सोपी संधी असते, आणि पुष्कळ मुलं ती न वाचताच सही करतात.

'पुरावा काय?' या प्रश्नाला तयार नसणं

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात लिंगओळख हा व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा आणि प्रतिष्ठेचा भाग मानला. त्यानंतर ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९ आला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम आले. ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरून करायचा असतो. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी तो पालकांनी करायचा. कायद्यात आणि अर्जाच्या नमुन्यात दुरुस्त्या होत असतात, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या मित्राच्या अर्जावरून नक्कल करू नका. त्या दिवशी पोर्टलवर जे मागितलं असेल तेच वाचून भरा.

शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की या प्रमाणपत्रावरून जन्मदाखला आणि ओळखीच्या इतर शासकीय कागदांवरचं पहिलं नाव बदलून मिळण्याचा हक्क कायद्याने दिला. २०२०च्या नियमांसोबत जी कागदपत्रांची यादी जोडली, तिच्यात शैक्षणिक प्रमाणपत्रं आणि जातीचा दाखलाही आहे. दुरुस्तीसाठी १५ दिवसांची मुदत आणि नव्या कागदावर जुनाच अनुक्रमांक ठेवायचा, हेही त्या नियमांत होतं. खिडकीवर 'असा नियमच नाही' असं ऐकू आलं तर या तरतुदीची छापील प्रत पुढे ठेवा. तोंडी वाद घालून उपयोग होत नाही. समोरच्या लिपिकाला फायलीत लावायला कागद हवा असतो, हे मी त्या खुर्चीत बसलेला माणूस म्हणून सांगतो.

जनरल रजिस्टरमधली नोंद बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, म्हणून मुख्याध्यापक प्रस्ताव पाठवतात. प्रस्ताव अडला असेल तर बऱ्याचदा तो मुळात गेलेलाच नसतो. पत्र कार्यालयातून बाहेर गेल्याचा जावक क्रमांक विचारा.

पहिलं नाव आणि आडनाव एकाच अर्जात कोंबणं

आपल्याकडे दाखल्यावर आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. घराने नाकारलेल्या मुलांना वडिलांचं नाव आणि आडनावही नको असतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण २०१९च्या कायद्याने जो थेट हक्क दिला तो पहिल्या नावापुरता आहे. बाकीचं बदलायचं तर प्रतिज्ञापत्र आणि महाराष्ट्र शासन राजपत्रातली जाहिरात हा सगळ्यांसाठी असलेला मार्ग आहे. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मागितल्या की सोपा भाग अवघड भागासोबत अडकून पडतो. आधी पहिलं नाव करून घ्या.

आडनाव बदलण्याआधी राखीव प्रवर्गातल्या मुलांनी तर शंभर वेळा विचार करावा. जात पडताळणी वडिलांकडच्या जुन्या नोंदींवर चालते. आडनाव, वडिलांचं नाव आणि तुमचं नाव यांचा धागा कागदावर तुटला, तर तो समितीपुढे पुन्हा जोडून दाखवावा लागतो.

याच कारणासाठी जुना दाखला फाडू नका. मला माहीत आहे, तो हातात धरणंसुद्धा नकोसं वाटतं. पाकिटात बंद करून विश्वासू माणसाकडे ठेवायला द्या, पण राहू द्या. त्यासोबत 'जुन्या आणि नव्या नावाची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र, प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती आणि प्रत्येक अर्जाची पोच, एका फायलीत.

लिंगाचा रकाना अंदाजाने भरणं

२०१९च्या कायद्यात दोन पायऱ्या होत्या. कलम ६चं प्रमाणपत्र 'ट्रान्सजेंडर' अशी नोंद देत होतं. 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशी नोंद हवी तर वैद्यकीय प्रक्रियेनंतर कलम ७खाली सुधारित प्रमाणपत्र घ्यावं लागत होतं. एखादा ट्रान्स मुलगा मनाने मुलगाच असतो, पण हातात कलम ६चं प्रमाणपत्र असताना प्रवेश अर्जात 'पुरुष' भरतो आणि कागद तपासणीच्या दिवशी अडकतो. जो कागद हातात आहे, अर्ज त्याप्रमाणे. हे पटणं कठीण आहे, आणि मुलावर अन्यायही आहे असं मला वाटतं. पण प्रवेशाची जागा जाण्यापेक्षा तो रकाना नंतर दुरुस्त करणं बरं.

दहावी-बारावी झाली म्हणून आशा सोडणं

गुणपत्रिका आधीच जुन्या नावाची निघाली असेल तर अर्ज शाळेमार्फत बोर्डाच्या विभागीय मंडळाकडे जातो. राज्यात अशी नऊ मंडळं आहेत. शाळा म्हणते बोर्डाकडे जा, बोर्ड म्हणतं शाळेचं पत्र आणा, विद्यापीठ म्हणतं आधी दहावीची बदला. हा फेरा ओळखीचा आहे. २०२५ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयापुढे एका ट्रान्स डॉक्टरचं असंच प्रकरण आलं होतं. आधीची प्रमाणपत्रं क्रमाने बदलून आणा, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. न्यायालयाने नव्या नावाने आणि नव्या लिंगनोंदीने प्रमाणपत्रं द्यायला सांगितलं. तो निकाल दुसऱ्या राज्याचा असला तरी अर्जासोबत जोडायला जरूर उपयोगी पडतो.

तोंडी नकार कधीच घेऊन येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. महिना गेला आणि हालचाल नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली 'माझा अर्ज सध्या कोणाच्या टेबलावर आहे' एवढंच विचारा. त्याचं उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, आणि पुष्कळदा उत्तराआधी कामच होतं. २०१९च्या कायद्याच्या कलम ११प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. शाळा-महाविद्यालयांना हे ठाऊकच नसतं, त्यामुळे लेखी तक्रार त्या पदाच्या नावाने दिली की निदान कोणाला तरी ती हातात घ्यावी लागते.

परीक्षेच्या सकाळपर्यंत थांबणं

सगळं करूनही परीक्षेपर्यंत कागद न बदललेली मुलं असतातच. हॉल तिकिटावर जुनं नाव, दोन वर्षांपूर्वीचा फोटो, आणि समोर उभं मूल वेगळंच दिसतंय. पर्यवेक्षक अडवतात, मागची रांग बघते, आणि अभ्यास केलेलं मूल पेपर हातात पडण्याआधीच कोलमडतं. परीक्षेच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापकांनी केंद्रसंचालकांना बंद पाकिटात पत्र द्यावं: बैठक क्रमांक अमुक, फोटो आणि चेहरा यात फरक दिसेल, विद्यार्थी आमच्याच शाळेचा आहे, पडताळणी वर्गाबाहेर आणि एकट्यात करावी. मुलाचं नाव घ्यायची गरज नाही, बैठक क्रमांकावर सगळं भागतं. पत्राची एक प्रत केंद्रावर, एक शाळेत आणि एक मुलाच्या पाऊचमध्ये, हॉल तिकिटाच्या मागे घडी करून.