फ्लॅट घेताय? आधी हे शब्द समजून घ्या, मगच चेक फाडा

मागच्या वर्षी मावसबहिणीबरोबर पुण्यात एका साइट ऑफिसमध्ये गेलो होतो. तिथला मुलगा भराभर सांगत होता, ताई सेलेबल 1050 फूट आहे, 60 लाखांत बसवतो, आज टोकन (बुकिंगची आगाऊ रक्कम) दिलंत तर फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) माफ. ताई मान हलवत होती आणि बाहेर आल्यावर म्हणाली, अरे यातलं निम्मं मला कळलंच नाही. तेव्हा ठरवलं की हे एकदा नीट लिहायचं, कागद ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने.

आधी कार्पेट विचारा

सेलेबल किंवा सुपर बिल्टअप म्हणजे तुमच्या फ्लॅटमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा मिळवून केलेला आकडा, आणि तो किती फुगवायचा ते बिल्डर ठरवतो. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरता येणारी जागा. रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या, व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस धरत नाहीत. ताईच्या त्या 1050 चं कार्पेट निघालं 700. म्हणजे रेट 5,714 वाटत होता तो खरा 8,571 रुपये फूट. दोन फ्लॅटची तुलना करायची तर फक्त कार्पेटवर करा, दुसऱ्या कुठल्याच आकड्यावर नाही.

मग महारेराच्या साइटवर जा

जाहिरातीवर पी ने सुरू होणारा नंबर आणि क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की प्रोजेक्टची सगळी कुंडली उघडते. पझेशनची तारीख तिथलीच खरी धरा, तोंडी सांगितलेली नाही. कोर्टकेसेस बघा, आणि प्रोजेक्टवर बिल्डरने कर्ज काढलंय का तेही बघा, काढलं असेल तर त्या बँकेची तुमच्या फ्लॅटपुरती एनओसी (ना हरकत पत्र) मागून घ्या.

जमिनीसाठी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड. सातबाऱ्यावर इतर हक्क म्हणून रकाना असतो, बोजा, कुळ, वाद असं काही असेल तर तिथे दिसतं. वकिलाकडून टायटल सर्च, म्हणजे जमिनीच्या मालकीची तपासणी, करून घ्याच, तिथे पैसे वाचवू नका.

सीसी आणि ओसी यात लोक फार गोंधळतात. सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, ओसी म्हणजे राहायला जायची. ओसी नसलेल्या बिल्डिंगमध्ये पाणी, टॅक्स, पुढे विक्री, सगळीकडे अडतं, म्हणून "ओसी आठवड्यात येतेय" यावर चावी घेऊ नका.

टोकन, अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू

रेराच्या कलम 13 प्रमाणे अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. हे एवढं एक वाक्य पाठ करा. अ‍ॅग्रीमेंट दुय्यम निबंधक कार्यालयात रजिस्टर होतं आणि त्या नोंदीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू, तो बँक, सोसायटी, महापालिका सगळ्यांना लागतो. स्टॅम्प ड्युटी अ‍ॅग्रीमेंटची किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेल्या दराची) किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर लागते.

आता खिशातून नक्की किती जातात ते 60 लाखांच्या फ्लॅटवर बघू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, याला एलटीव्ही म्हणतात, तर कर्ज झालं 48 लाख आणि आपले 12. वर पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार, एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का कमी. रजिस्ट्रेशन 30 हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी 5 टक्के, 3 लाख, ओसी आल्यावर घेतलं तर जीएसटी नाही. म्हणजे ताईला 12 नाही, साडेएकोणीस लाख हातात हवे होते, आणि हे तिला त्या ऑफिसात कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस आपणच कापून सरकारला भरायचा असतो, तो किमतीतूनच जातो, वेगळा नाही, पण भरायला विसरलं की व्याज आणि दंड आपल्यालाच.

लोनचे शब्द

सँक्शन म्हणजे मंजुरी, डिस्बर्समेंट म्हणजे खरोखर पैसे सुटणं. बांधकाम जसं होतं तसे हप्त्याने सुटतात आणि तोवर सुटलेल्या रकमेचं नुसतं व्याज भरायचं त्याला प्री-ईएमआय म्हणतात, त्यात मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही.

48 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं, ईएमआय साधारण 41,655. पहिल्या महिन्यात त्यातले 34,000 व्याज आणि मुद्दल फक्त साडेसात हजारांच्या आसपास. पूर्ण मुदतीत व्याजच जवळपास 52 लाख. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत बोनस वगैरे आला की पार्ट पेमेंट करा, फ्लोटिंग रेटच्या घरकर्जावर त्याला पेनल्टी नसते. फ्लोटिंग म्हणजे रेट बदलता, बँकांचा बहुतेक रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला, बांधलेला असतो. रेट वाढला की बँक बरेचदा ईएमआय तोच ठेवून मुदत लांबवते, तेव्हा बँकेत जाऊन ईएमआय वाढवून मागा, तो पर्याय देणं बँकेला बंधनकारक आहे.

मॉर्गेज म्हणजे गहाण. आपल्याकडे बहुतेक वेळा मूळ कागद बँकेत ठेवून गहाण होतं, घर आपल्याच नावावर राहतं, पण बँकेचा बोजा असेपर्यंत विकायचं तर आधी कर्ज फेडावं लागतं.

शेवटचे दोन कागद

कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं. बिल्डर टाळत असेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन नावावर करून मिळण्याचा, अर्ज करू शकते, रीडेव्हलपमेंटच्या वेळी याचंच महत्त्व कळतं.

आणि लोन फिटलं की नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, घ्या, मूळ कागद यादीप्रमाणे मोजून परत घ्या. 30 दिवसांत दिले नाहीत आणि चूक बँकेची असेल तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये भरपाई देणं बँकेवर बंधनकारक आहे. ती कागदांची यादी कर्ज घेताना बँकेकडून सहीशिक्क्यासह मागून ठेवा, कारण 20 वर्षांनी ब्रँचमध्ये तीच माणसं नसतात.