पेसमेकरमधला नॉइज : आकडा बदलण्याआधी उगम शोधावा

पेसमेकरची लीड (यंत्रापासून हृदयात नेलेली तार) हृदयातून जो संकेत उचलते तो अवघ्या काही मिलिव्होल्टांचा असतो. खालच्या कप्प्यातला संकेत बहुधा 5 मिलिव्होल्टांहून मोठा मिळतो, वरच्या कप्प्यातला मात्र पुष्कळदा 2-3 मिलिव्होल्टांच्या आसपासच राहतो. त्याच लीडवर छातीच्या स्नायूंची, बाहेरच्या उपकरणाची किंवा लीडमधल्याच बिघाडाची विद्युत खळबळ, म्हणजेच नॉइज, आली, की यंत्र तिला हृदयाचा ठोका समजते आणि स्वतःचा ठोका रोखून धरते. ज्या रुग्णाचे हृदय पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे, त्याला घेरी येऊन पडायला काही सेकंदांची ही गफलत पुरते. आयसीडीच्या (घातक लय शॉक देऊन थांबवणाऱ्या, शरीरात बसवलेल्या यंत्राच्या) बाबतीत हाच नॉइज घातक वेगवान लय म्हणून मोजला जातो आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला विनाकारण शॉक बसतो.

तपासणीच्या वेळी नॉइज दिसला, की सेन्सिटिव्हिटीचा आकडा (ज्याहून लहान संकेत यंत्र ऐकत नाही ती मर्यादा) वाढवून मोकळे होण्याचा मोह होतो. हा आकडा उलट चालतो हे नवशिक्यांनी नीट ध्यानात घ्यावे : 2 मिलिव्होल्टांवरून 4 वर गेल्यास यंत्र अधिक बहिरे होते. प्रत्यक्ष संकेत ठेवलेल्या मर्यादेच्या किमान दुप्पट असावा, हा नेहमीचा दंडक आहे. संकेत 10 मिलिव्होल्टांचा असेल तर 4 चालतील, पण संकेतच 5 चा असेल तर तोच आकडा हृदयाचे खरे ठोकेही गाळू लागेल आणि यंत्र नको त्या क्षणी ठोका देऊ लागेल. शिवाय लीड तुटत असेल, तर आकडा वाढवून बिघाड फक्त दृष्टीआड होतो. म्हणून आधी उगम शोधावा.

त्यासाठी रुग्णाला ईसीजी लावून प्रोग्रामरवर (यंत्राशी बोलणाऱ्या संगणकावर) इलेक्ट्रोग्राम (लीडने उचललेल्या संकेताची रेषा) आणि मार्कर चॅनल (यंत्राने काय ठोका म्हणून मोजले त्याच्या खुणा) एकत्र चालू ठेवावेत. रुग्ण पेसमेकरवर अवलंबून असल्यास तात्पुरत्या पेसिंगची तयारी हाताशी असल्याखेरीज पुढच्या चाचण्या करू नयेत. रुग्णाला दोन्ही तळहात छातीसमोर जुळवून एकमेकांवर जोराने दाबायला सांगावे, मग खोल श्वास घ्यायला, खोकायला आणि यंत्र बसवलेल्या बाजूचा हात डोक्यावर न्यायला सांगावे. तळहात दाबताच सरळ रेषेवर बारीक, दाट झालर उमटली आणि हात सैल सोडताच ती विरली, तर नॉइज बहुधा छातीच्या स्नायूंचा आहे. खोल श्वासाबरोबर किंवा खोकल्याबरोबर ती आली, तर श्वासपटलाचा संशय घ्यावा. झालर एकसारखी, दर सेकंदाला 50 किंवा 60 आवर्तनांची असेल, तर ती घरातल्या वीजपुरवठ्याची असते. याउलट उंचसखल, अधूनमधून तुटक येणारे तीव्र काटे आणि 140 मिलिसेकंदांहूनही कमी अंतराने पडलेले मार्कर दिसले, तर कोणतेही हृदय इतक्या वेगाने धडकत नाही हे ओळखून लीडकडे वळावे.

लीडची रोधकता (प्रवाहाला होणारा विरोध) सर्वसाधारणपणे 200 ते 2000 ओहमांच्या दरम्यान असते. ती एकदम खाली घसरली तर आवरण फाटल्याचा, आणि खूप चढली तर आतली वाहक तार तुटल्याचा किंवा जोडणीचा स्क्रू ढिला राहिल्याचा संशय घ्यावा. केवळ आजच्या आकड्यावर मात्र विसंबू नये, कारण तुटू लागलेली लीड पडून राहिलेल्या रुग्णात निर्दोष आकडा देऊ शकते. मागच्या महिन्यांचा आलेख पाहावा आणि यंत्राच्या खिशावर (कातडीखाली यंत्र ठेवलेल्या जागेवर) हलका दाब देऊन आकडा हलतो का तेही पाहावे. शस्त्रक्रियेला थोडेच दिवस झाले असतील, तर जोडणी आधी तपासावी.

स्नायूंचा नॉइज असेल तर सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे सेन्सिंग (संकेत ऐकण्याची पद्धत) युनिपोलरवरून बायपोलरवर नेणे. युनिपोलरमध्ये लीडच्या टोकापासून छातीतल्या यंत्राच्या डबीपर्यंतचा सारा प्रदेश अँटेनासारखा वागतो, तर बायपोलरमध्ये लीडचे टोक आणि तिच्यावरचेच धातूचे कडे यांच्यातले अंतर फार थोडे असते. लीड बायपोलर आहे ना, हे बदल करण्याआधी पडताळावे. त्यानंतर गरज उरली तरच, वरचा दंडक पाळून, सेन्सिटिव्हिटी थोडी बदलावी. लीडच्या बिघाडाला असा उपाय नाही; प्रोग्रामिंगने फक्त वेळ मिळतो, दुरुस्ती शस्त्रक्रियेनेच होते.

बाहेरच्या उगमांसाठी रुग्णाशी सविस्तर बोलावे : नोंद झालेल्या तारखेला आणि वेळेला तो नेमका काय करत होता, हे विचारावे. मोबाइल फोन पेसमेकरपासून 15 सेंटिमीटर दूर, म्हणजे शर्टाच्या वरच्या खिशात नव्हे, आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला धरावा. वेल्डिंगचे काम डॉक्टरांच्या सल्ल्याविना करू नये. अर्थिंग नसलेल्या उपकरणातून पाण्यात झिरपणारा प्रवाह हाताला जाणवत नसला, तरी पेसमेकरला ऐकू येऊ शकतो. असा संशय असल्यास घरातले वायरिंग तपासून घ्यावे. शस्त्रक्रियेत कॉटरी (विजेने ऊती कापणारे, रक्तस्राव थांबवणारे साधन) लागणार असेल, तर शक्यतो बायपोलर वापरावी, नाहीतर परतीचे पॅड असे लावावे की प्रवाह यंत्रावरून जाणार नाही, आणि वापर थोड्या थोड्या वेळाचाच ठेवावा. चुंबक ठेवल्यास बहुतेक पेसमेकर ठराविक गतीने ठोके देऊ लागतात. आयसीडीत मात्र चुंबकाने सहसा फक्त शॉक थांबतात, पेसिंग बदलत नाही. या फरकाची गल्लत जिवावर बेतू शकते.

बदल केल्यावर तळहात दाबण्यापासून सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्यात आणि आधीची व नंतरची पट्टी, जुना व नवा आकडा यांसह, रुग्णाच्या फाइलला जोडावी.