कंसाबाहेरचं उणे आणि पाच रुपयांची सूट

माझ्याकडे संध्याकाळी सातवी-आठवीची मुलं शिकवणीला येतात. कंस सोडवायला घेतले की माझं लाल पेन बहुतेक वेळा एकाच जागी चालतं, कंसाबाहेर उणे असेल तिथे.

अधिकचं तसं सोपं. ३(क्ष + २) म्हणजे तीन डबे, प्रत्येकात क्ष लाडू आणि २ चकल्या. सगळे परातीत ओतले तर ३क्ष लाडू, ६ चकल्या. घाईत कुणी ३क्ष + २ लिहिलं की मी विचारते, "उरलेल्या दोन डब्यांतल्या चकल्या कुणी खाल्ल्या?"

आता उणे. आमच्याकडून शाळेत 'बाहेर उणे, तर आतली चिन्हं बदला' एवढं घोकून घेतलं होतं. का बदलायची, ते मला फार उशिरा, वह्यांच्या दुकानात उभी असताना उमगलं. हातात ५० ची नोट, वही क्ष रुपयांची, तिच्यावर ५ रुपये सूट. उरतील ५० − (क्ष − ५). दुकानदार एकतर सूट वजा करून मगच पैसे कापेल, नाहीतर छापील किंमत पुरती कापून वर पाचाचं नाणं हातावर ठेवेल, म्हणजे ५० − क्ष + ५. ते परत आलेलं नाणं म्हणजेच बदललेलं चिन्ह! वही ३० ची असली तर दोन्ही रीतींनी २५ च उरतात. ५० − क्ष − ५ लिहाल तर उरतील १५. सूट राहिली बाजूला, उलट पाच रुपये दंड.

हेच जरा मोठ्या उदाहरणात बघा:

३(२क्ष − ५) − २(क्ष − ४)
= ६क्ष − १५ − २क्ष + ८
= ४क्ष − ७

दुसऱ्या कंसाला नुसत्या २ ने नाही, −२ ने गुणायचं. −२ गुणिले −४, म्हणून +८. मग सरूप पदं एकत्र करा: क्षवाली क्षवाल्यांत, सुट्या संख्या सुट्या संख्यांत. ४क्ष − ७ चे −३क्ष करणारा एक तरी दरवर्षी भेटतोच. कंसात कंस असेल तर आतला आधी सोडवा.

उत्तर माझ्याकडे आणायच्या आधी क्ष = ३ ठेवून स्वतःच तपासायचं, हा माझ्याकडचा नियम. वर मूळ राशी ३ × १ − २ × (−१) = ५, उत्तरही १२ − ७ = ५. ० ठेवलात तर क्षचं पद चुकलेलं कळतच नाही. १ चा वर्गही १ च. २ तर सगळ्यांत लबाड, कारण २ + २, २ × २ आणि २ चा वर्ग, तिन्ही ४. म्हणून ३.

दोन कंसांचा गुणाकार असेल तर पहिल्यातल्या प्रत्येक पदाने दुसऱ्यातल्या प्रत्येक पदाला गुणा. (क्ष + ३)(क्ष + ५) = क्ष² + ५क्ष + ३क्ष + १५ = क्ष² + ८क्ष + १५. आणि (क्ष + ३)² चं उत्तर क्ष² + ९ आलं असेल, तर तिथेही ३ ठेवून बघा: एकीकडे ३६, दुसरीकडे १८. हरवलेले १८ म्हणजे मधलं ६क्ष.