कडुनिंबाच्या फळ्या टोकाला चिरत होत्या, त्यावरचा उपाय

एप्रिलमध्ये आरा मशीनवर कापून आणलेल्या ओल्या फळ्या आठवड्याभरात टोकाला 4 ते 6 इंच चिरल्या. फळीच्या टोकातून पाणी पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट वेगाने उडतं. टोक आकसतं, मधला भाग ओलाच राहतो आणि टोकाला चीर पडते. विदर्भातली 45 अंशांची झळ आणि पत्र्याचं शेड म्हणजे लाकडाला भट्टीच.

चिरलेला भाग चिरेच्या 2 इंच पुढून कापला आणि ताज्या टोकांना त्याच दिवशी ऑइल पेंटचे 2 जाड हात दिले. उरलेलं मेणबत्त्यांचं मेण वितळवून लावलं तरी चालतं. थप्पी पत्र्याखालून काढून उत्तरेच्या ओसरीत, जमिनीपासून फूटभर उंच रचली. फळ्यांमध्ये दर दीड फुटावर 1 इंची सुक्या पट्ट्या, सगळ्या एकाखाली एक. पट्टी सरकली की फळीला बाक येतो, हे फार महत्त्वाचं. वरून दगडांचं वजन, आणि पहिले तीन आठवडे दुपारच्या झळीच्या बाजूला बारदान.

खोडाच्या अगदी मधोमध असलेल्या गाभ्याची फळी मात्र चिरतेच. ती टेबलाच्या वरच्या भागाला घेऊ नका.

वाळली की नाही, हे वजनावर ठरवा. एका फळीवर खूण करून दर 15 दिवसांनी तोला. कोरड्या दिवसांत सलग दोनदा वजन तेच आलं, की मगच रंधा मारा. इंचभर जाडीला साधारण वर्ष लागतं.