फळी अन् ठोकळ्यावर घर्षण मोजा, पण ± (कमी-जास्त चूक) सकट

घर्षण मोजायला भारी लॅब लागत नाही. एक मीटरभर लांब सपाट फळी, सुताराकडून कापून आणलेला सागवानाचा चपटा ठोकळा, मीटरपट्टी, दोन विटा अन् एक जोडीदार, एवढ्यात खेड्यातल्या कोणत्याही शाळेत हा प्रयोग होते. स्प्रिंगबॅलन्सनं ठोकळा ओढूनही करता येते, पण त्याचा काटा थरथरते, झिरो एरर असते (काही न ओढताही काटा शून्यावर नसते), म्हणून मी तरी पोट्ट्यांना फळीच घ्यायला सांगतो.

आधी फळी अन् ठोकळा दोन्ही कोरड्या फडक्यानं पुसा. आपल्याकडं घरात कापूस भरलेला असला की त्याचे तंतू सगळीकडं चिकटतात, ते राहिले तर तुम्ही कापसाचं घर्षण मोजून राहिले, लाकडाचं नाही. घामाचा हातही खालच्या बाजूला लावू नका. अन् सगळे रीडिंग एकाच दिवशी घ्या, काहून की मे महिन्यातलं सुकं लाकूड अन् श्रावणातलं ओलसर लाकूड सारखं वागत नाही.

फळीचं खालचं टोक सरकू नये म्हणून त्याच्या मागं एक वीट अडकवा. दुसरी वीट फळीखाली उभी ठेवा अन् ती खालच्या टोकाकडं अगदी हळूहळू सरकवत न्या, म्हणजे वरचं टोक विनाधक्का उचलत जाते, हातानं उचलली की झटका बसते अन् ठोकळा आधीच सुटते. इथं नीट पाहा, सुटायच्या आधी ठोकळा कधीकधी केसभर सरकते अन् परत थांबते. ते धरायचं का नाही हे सुरुवातीलाच ठरवून वहीत लिहा. मी म्हणतो, पार खालपर्यंत घसरत गेला तरच सुटला म्हणायचं. मग वीट तिथंच राहू द्या अन् जोडीदाराला वरच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजायला लावा, दरवेळी फळीच्या खालच्याच कडेपासून. पुढच्या रीडिंगला ठोकळा फळीवर त्याच खुणेवर ठेवा.

स्थितिक घर्षण गुणांक, म्हणजे ठोकळा सुटायच्या क्षणी घर्षण हे फळीवरच्या दाबाच्या किती पट आहे तो आकडा, येते उंची भागिले पाया. पाया म्हणजे वरच्या टोकाच्या सरळ खालच्या जागेपासून खालच्या टोकापर्यंतचं जमिनीवरचं अंतर. पाया मोजत बसायची गरज नाही, फळीच्या लांबीच्या वर्गातून उंचीचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढा. ठोकळ्याचं वजन लागतच नाही, ते दोन्हीकडून कटून जाते.

समजा फळी १०० सेमी आहे अन् उंची आली ३४.२, ३६.०, ३३.५, ३५.१, ३४.७. सरासरी ३४.७, पाया ९३.८, गुणांक ०.३७. पोट्ट्यांच्या बहुतेक प्रयोगवह्यांत प्रयोग इथंच संपते, अन् मला खरी तळमळ याचीच आहे, कारण अर्धा प्रयोग तर इथून पुढं आहे. पट्टीचा लीस्ट काउंट (तिच्यावर मोजता येते ते सगळ्यात लहान माप) ०.१ सेमी, म्हणजे चूक ०.३ टक्के. पण रीडिंग स्वतःच ३३.५ पासून ३६.० पर्यंत पसरले आहेत, त्याचं अर्धं १.२५ सेमी, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या वर! दोष पट्टीचा नाही, फळी जागोजागी वेगळी असते अन् सुटणं दरवेळी थोडं वेगळं होते. सगळ्यात कमी उंचीचा गुणांक येते ०.३५६, सगळ्यात जास्तीचा ०.३८६, फरकाचं अर्धं ०.०१५, वरच्या बाजूला राउंड केलं की ०.०२. म्हणून उत्तर लिहायचं ०.३७ ± ०.०२, म्हणजे ०.३५ ते ०.३९ हा पट्टा. कॅल्क्युलेटरवर दिसते म्हणून ०.३६९९ लिहू नका, त्या शेवटच्या आकड्यांना काही आधार नाही. अन् ३६.० वेगळं दिसते म्हणून खोडून ३५.० करू नका हो, त्याच रीडिंगनं तुम्हाला पसारा दाखवला.

आता या ± चा उपयोग पाहा. फ्रान्सच्या आमोंतों नावाच्या शास्त्रज्ञानं १६९९ मध्ये सांगितलं की घर्षण भारावर अवलंबून असते, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. ठोकळा अरुंद बाजूवर आडवा ठेवून परत मोजा (उभा ठेवला तर घसरायच्या आधी उलटू शकते). ०.३९ ± ०.०२ आलं तर दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणून फरक सापडला असं म्हणता येत नाही. मग ठोकळ्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा अन् त्याचाही ± काढा, तिथं पट्टे दूरदूर राहिले तर फरक खराच आहे असं बिनधास्त लिहा, अन् दोन्हीकडची सगळी रीडिंग टेबलात दाखवा.