पुळणीच्या जमिनीत अबोली

किनाऱ्यालगतच्या परसात अबोली लावली की दोन तक्रारी हमखास येतात. पानं पिवळी पडतात, आणि चांगलं फुललेलं झाड एक दिवस अचानक मान टाकतं. दोन्हीवर उपाय म्हणून पाणी वाढवलं जातं. पण रेताड मातीत जादा पाण्याबरोबर खतही मुळांच्या खाली निघून जातं. इथे पाणी आणि खत धरून ठेवायची सोय आधी करावी लागते.

अबोली मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. झाड दोन-तीन फुटांपलीकडे सहसा जात नाही. सकाळचं ऊन आणि दुपारची विरळ सावली मिळेल अशी जागा द्या. माडाखालची सावली उत्तम, मात्र बुंध्यापासून सहा फूट तरी दूर लावा, नाहीतर माडाची मुळंच सगळं ओढून घेतात. समुद्राचं खारं वारं थेट लागणारी कडा टाळा.

खड्डा एक फूट रुंद, दीड फूट खोल. तळाशी नारळाची जुनी, पावसात भिजून गेलेली सोडणं (काथ्याची जाड सालं) खोलगट बाजू वर करून अंथरा, म्हणजे त्यांत पाणी साठून राहतं. त्यावर दोन भाग तीच रेती, एक भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड असं मिश्रण भरा. लावणीआधी दोन आठवडे खड्डा ओलसर ठेवा. दोन झाडांत दीड फूट अंतर पुरे.

रोपं जूनमध्ये फांद्यांपासून करावीत. फुलाचा तुरा नसलेली, अर्धवट पिकलेली चार इंची फांदी घ्या, खालची पानं काढा आणि सावलीत रुजवा. तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. जोराचा पाऊस ओसरल्यावर, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, जमिनीत लावा. जुलैच्या मुसळधार पावसात लावलं तर भरलेलं खत धुऊन जातं. गडद केशरी ‘दिल्ली’ अबोलीला बी धरत नाही, ती फांदीनेच वाढवायची. साध्या अबोलीचं बी हवं असेल तर बोंडं तपकिरी होताच काढून झाकणाच्या डब्यात सुकवा. सुकलेल्या बोंडाला पाणी लागलं की ते तडकून बी दूर उडतं. बी ताजंच पेरा.

पहिला महिना रोज सकाळी एक लिटर पाणी, मग एक दिवसाआड. बुंध्यापासून चार बोटं सोडून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन करा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पानांची टोकं करपतात. खत थोडं पण वारंवार: महिन्याला दोन मुठी शेणखत.

पिवळेपणा कुठे आहे ते नीट पाहा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी म्हणजे नत्र कमी. कोवळं पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाही. शिंपल्यांचा चुरा असलेल्या रेतीत चुना भरपूर, त्यामुळे लोह असूनही मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून सकाळी लवकर पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. हे खत नुसतं मातीत टाकणं अशा जमिनीत वाया जातं.

मान टाकण्यामागे बहुतेक वेळा सूत्रकृमी, म्हणजे मातीत राहून मुळं कुरतडणारे अतिसूक्ष्म किडे असतात, आणि रेताड जमीन त्यांना फार मानवते. झाड खुरटतं, भर दुपारी मलूल होतं, संध्याकाळी सावरतं; मुळं उपटून पाहिलीत तर गाठी किंवा काळपट डाग दिसतात. कुरतडलेल्या मुळांतून मर रोगाची बुरशी शिरते आणि मग झाड वाचत नाही. ते मुळांसकट काढून जाळा, खतात टाकू नका. त्या जागी लगेच अबोली नको, वांगी, टोमॅटो, भेंडीही नको. एप्रिल-मेमध्ये माती भिजवून पारदर्शक प्लॅस्टिकखाली सहा आठवडे तापवा, नंतर तिथे तीन-चार महिने झेंडू लावा. निरोगी ओळींच्या मध्येही झेंडू ठेवावा.

लावणीनंतर दोन-तीन महिन्यांत तुरे येतात. फुलं खालून वर उमलत जातात. एक दिवसाआड सकाळी खुडा. संपलेला तुरा देठासकट कापा, नाहीतर झाड बी भरण्यात गुंततं आणि नवे तुरे उशिरा येतात.