कळलावीची वेल कशी लावावी

कळलावी, म्हणजेच अग्निशिखा किंवा खड्यानाग, ही आशिया आणि आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांत रानातल्या झुडपांवर व कुंपणांवर चढणारी वेल असून तिचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा असे आहे. झिम्बाब्वेचे राष्ट्रीय फूल आणि तमिळनाडूचे राज्यफूल असा मान तिला मिळालेला आहे. तिच्या फुलाच्या सहाही पाकळ्या नागमोडी काठांच्या असतात, त्या मागे वळून वरच्या दिशेला उभ्या राहतात आणि हिरवट रंगावरून पिवळ्या, मग केशरी व शेवटी लाल होत जातात. त्यामुळे एकाच वेलीवर एका वेळी निरनिराळ्या रंगांची फुले दिसतात.

लागवडीच्या आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. या वनस्पतीचे सर्व भाग विषारी असून कंद व बिया विशेष घातक आहेत. त्यांतील कोल्चिसिन हे द्रव्य संधिवाताच्या एका प्रकारावर, म्हणजे गाउटवर, औषध म्हणून वापरतात आणि वनस्पती-संशोधनात गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठीही ते उपयोगी पडते. मात्र औषधी मात्रा आणि घातक मात्रा यांतले अंतर फार थोडे असल्याने घरगुती औषध म्हणून कळलावीचा प्रयोग कधीही करू नये. कंद रताळ्यासारखा दिसतो, म्हणून तो स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवू नये. लहान मुले किंवा पाळीव जनावरे असलेल्या घरात ही वेल न लावणेच शहाणपणाचे. कंद हाताळताना हातमोजे घालावेत.

कंद रानातून उकरून न आणता रोपवाटिकेतून घ्यावा. तो बहुधा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा असतो आणि त्याच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकच डोळा असतो. हे टोक मोडले तर तो फाटा सहसा फुटत नाही, आणि लागवड फसण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. तेव्हा कंद मोठा आहे का, यापेक्षा त्याचे टोक शाबूत आहे का, हे आधी पाहावे.

पावसाळ्याच्या तोंडाशी, हवा उबदार असताना, पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या रेताड व भुसभुशीत मातीत कंद आडवा ठेवून त्यावर पाच ते आठ सेंटिमीटर माती लोटावी. कुंडी किमान तीस सेंटिमीटर खोल असावी. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचेच द्यावे, कारण ओलाव्याने कंद कुजतो. वाढीच्या काळात मात्र माती ओलसर राखावी.

या वेलीला वेगळे ताणे नसतात. पानाचे टोकच लांबून गुंडाळते आणि आधार पकडते, आणि ते जाड खांबाला धरू शकत नाही. म्हणून बारीक काटक्या, तार किंवा जाळी आधीच लावून ठेवावी. सकाळचे ऊन आणि दुपारची विरळ सावली तिला मानवते. पानांवर काळ्या रंगाच्या, लाल व पांढरट ठिपके असलेल्या अळ्या आढळल्यास त्या वेळीच वेचून काढाव्यात. दुर्लक्ष केले तर त्या वेल पार बोडकी करतात.

बी हवे असेल तर परागण हाताने करावे. फुलाचा कुक्षीवृंत, म्हणजे ज्याच्या टोकाशी पराग स्वीकारणारी कुक्षी असते तो बारीक दांडा, बुडाशीच जवळजवळ काटकोनात वाकून बाजूला गेलेला असतो, त्यामुळे स्वतःचे पराग स्वतःच्या कुक्षीवर सहजी पडत नाहीत. मऊ कुंचल्याने दुसऱ्या वेलीवरच्या फुलाचे पराग कुक्षीला लावल्यास फळे धरण्याची शक्यता वाढते. बियांपासून वाढवलेल्या वेलीला फुले यायला साधारणतः तीन-चार वर्षे लागतात, म्हणून हौशी माणसाने कंदापासूनच सुरुवात करावी.

फुलोरा संपून पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करून थांबवावे. वरचा भाग पूर्ण वाळल्यावर कंद तसाच कोरड्या कुंडीत राहू द्यावा, किंवा टोके सांभाळून काढून कोरड्या वाळूत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, चिठ्ठी लावून ठेवावा. जुना कंद या काळापर्यंत सुकून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार झालेला असतो. पुढच्या हंगामात तोच लावायचा असतो.